आठव्या ठोक्याची जागा

राजरत्न सरांच्या टेबलासमोर जे कॅलेंडर टांगलेलं होतं, त्यावर दर महिन्याला एका तारखेभोवती बॉलपेननं गोल केलेला असायचा. कॉम्प्युटर क्लासमधल्या पोरांची खात्री होती की सरांचं कुठंतरी जमलंय आणि तो भेटायचा दिवस आहे. पोरं ती पोरंच. तो दिवस भेटायचा नव्हता, चुकवायचा होता. गोल असायचा तो पौर्णिमेभोवती. एरवी कुठल्याही दिवशी राजरत्न गावाकडं जायला तयार असे. पौर्णिमेला मात्र सांगलीतून त्याचा पाय हलत नसे. पाच वर्षं त्यानं हे व्रत पाळलं, आणि त्या व्रतानं त्याला सुख म्हणून काही दिलं नाही.

गाव कोरेगावपासून तीन-चार कोसांवर. तिथं त्याची आई, बनाबाई, एकटी राहायची. वडील, केरूआबा, वारले त्याला दोन वर्षं झाली होती. त्यांची उभी नोकरी कोयनानगरच्या धरणाच्या कॉलनीत गेली आणि राजरत्नचं लहानपणही तिथंच. आबांचं काम सांगायला अगदी साधं होतं. भूकंप मोजायच्या खोलीत एक गोल डबा सावकाश फिरायचा, त्याच्यावर गुंडाळलेल्या कागदावर एक सुई रेघ ओढत जायची, आणि आबांनी रोज तो कागद काढून नवा चढवायचा. साहेब कागद वाचायचे, आबा फक्त बदलायचे. पण वीस वर्षं कागद बदलून बदलून वाचणाऱ्या साहेबापेक्षा त्यांनाच रेघ जास्त ओळखीची झाली होती. ट्रक गेला की कशी थरथरते, धरणाचे दरवाजे उघडले की कशी, पावसाळी वारा सुटला की कशी. लहानग्या राजानं एकदा विचारलं, भूकंप नसतो तेव्हा ही सरळ का येत नाही? आबा म्हणाले होते, "रेघ कवाच सरळ नसती. सरळ दिसली तर समजायचं, सुई मोडली."

राजाची थोरली बहीण दीपमाला. त्याच्याहून सात वर्षांनी मोठी, तो तिला आक्का म्हणायचा. दर पौर्णिमेला क्वार्टरमध्ये बुद्धवंदना व्हायची, शेजारपाजारचे चार जण यायचे, आणि वंदना संपली की आक्का खंजिरी घेऊन गाणं म्हणायची. आईनं जात्यावर बसून जुळवलेलंच ते गाणं, आक्कानं त्याला ताल दिला होता. त्या तालात राजालाही एक हुद्दा होता. आक्कानं डोळ्यानं खुणावलं की त्यानं एक टाळी द्यायची. मोजायचं वगैरे त्याला ठाऊक नव्हतं. तो फक्त तिच्या डोळ्यांकडं बघत बसायचा, आणि टाळी देताना सगळी ताकद लावायचा, कारण गाण्यातला त्याचा वाटा तेवढाच होता.

पंच्याऐंशीच्या थंडीत आबांनी टेपरेकॉर्डर आणला. आक्काचं गाणं भरायचं ठरलं, आणि सगळे बसल्यावर आबा म्हणाले, राजाची टाळी लय मोठी पडती, टेपमध्ये गाणं दबेल, त्यानं जरा बाहेर जावं. बारा वर्षांचं पोर ते. रुसून जे बाहेर गेलं ते अंधार पडायच्या बेतालाच परतलं. आक्कानं समजूत काढायचा प्रयत्न केला, हे ढिम्म. पुढच्या आषाढात आक्का काविळीनं गेली. वीस वर्षांची होती.

त्यानंतर पौर्णिमेला वंदना झाली की आई ती कॅसेट लावायची. कॅसेट लागली की राजरत्न उठून बाहेर जायचा. सगळ्यांना वाटायचं, पोराला सोसत नाही. सोसत नव्हतं हे खरंच, पण त्याहून मोठी गोष्ट अशी की तो रुसवा अजून त्याच्या पोटात होता आणि आता तो काढायला माणूस उरलं नव्हतं. त्यामुळं घरच्या त्या कॅसेटमधलं गाणं घरातल्या एकट्या त्यानंच कधी ऐकलेलं नव्हतं.

मग आलं एक्याण्णव साल, बाबासाहेबांच्या जन्मशताब्दीचं. आबा तोवर निवृत्त होऊन सगळे गावी आले होते. राजरत्न साताऱ्याला आयटीआयमध्ये रेडिओ-टीव्हीचं काम शिकून अठराव्या वर्षीच गावाचा मेकॅनिक झाला होता. जयंतीला साताऱ्याहून एक मोठे वक्ते येणार होते, आणि त्यांचं भाषण भरून ठेवायची जबाबदारी मंडळानं त्याच्यावर टाकली. वक्ते आले, मांडव भरला, आणि कोऱ्या कॅसेटचा पत्ता नाही. सगळ्या तालुक्यानं त्या आठवड्यात जयंत्या भरून घेतल्या होत्या. कोरेगावच्या बाजारात औषधाला कोरी कॅसेट शिल्लक नव्हती. मंडळाची पोरं त्याच्या मानेवर बसली. राजरत्न धावत घरी आला. आई मांडवात पुढं बसलेली. त्यानं टेप उचलला आणि आक्काची कॅसेट उचलली. गाणं एकाच बाजूला आहे, दुसरी रिकामी आहे, एवढं त्याला ऐकून माहीत होतं.

कुठली बाजू गाण्याची, हाच काय तो प्रश्न. एका बाजूच्या लेबलावरचं अक्षर पार पुसून गेलेलं, कागद नुसता गुळगुळीत. दुसऱ्या बाजूला आईनं स्वतःच्या कपाळाची एक टिकली चिकटवलेली. आईला वाचता येत नव्हतं, म्हणून तिनं खूण केली होती. शिकलेल्या राजरत्ननं क्षणभरात ओळखलं की टिकली म्हणजे आक्काची बाजू. कॅसेट पुसली जाऊ नये म्हणून आबांनी मागच्या छोट्या दांड्या मोडून खाचा पाडल्या होत्या; खाच बुजल्याशिवाय टेप नवं काही भरून घेत नाही. त्यानं बिनटिकलीच्या बाजूच्या खाचेवर चिकटपट्टी लावली आणि अँप्लिफायरला वायर जोडून भाषण सगळं भरून घेतलं. वक्ते चाळीस मिनिटं बोलले. चांगलं बोलले.

घरी येऊन त्यानं टिकलीची बाजू लावून बघितली. खरखर. पुढं पळवून बघितली. खरखर. शेवटापर्यंत खरखर. टिकली होती ती 'ही लावायची नाही' एवढं सांगायला. लेकीच्या नावावर काही चिकटवायला आईचा हात धजला नव्हता. आणि ते दुसरं लेबल कोरं झालं होतं पाच वर्षं दर पौर्णिमेला तिचा अंगठा त्याच्यावरून फिरून. घरात कुणालाही विचारलं असतं तर हे कळलं असतं. त्यानं विचारलं नाही, कारण त्याला अक्षरओळख होती.

मग त्यानं जे केलं ते मेकॅनिकलाच सुचावं असं होतं. टेपच्या आत मोटारीचा फेरा चाकापर्यंत नेणारा एक रबरी पट्टा असतो. तो त्यानं काढून खिशात टाकला. कॅसेट सुरुवातीपर्यंत गुंडाळून आईच्या पेटीत होती तशी ठेवली. मंडळाला सांगितलं, रेकॉर्डिंग आलंच नाही, आणि वर्षभर त्यांचे टोमणे खाल्ले. आईला सांगितलं, टेपचा पट्टा तुटलाय, साताऱ्याहून आणतो. पुढच्या पौर्णिमेच्या आत साताऱ्यात एका दुकानात तो कामाला लागला. पुढं कॉम्प्युटर शिकला, विश्वजीत नावाच्या मित्राच्या क्लासमध्ये शिकवायला म्हणून सांगलीला गेला. पट्टा काही आला नाही.

बनाबाई शेजारच्या प्रियदर्शनीकडून पोस्टकार्ड लिहून घ्यायची. कार्डात पाऊसपाणी, शेरडं, कुणाचं लग्न, कुणाचं आजारपण. शेवटची ओळ मात्र पाच वर्षं एकच: पट्ट्याचं बघ. राजरत्न कार्ड वाचायचा आणि शेवटच्या ओळीवर अंगठा ठेवून वाचायचा. तरी ती दिसायचीच. आयर्विन पुलावरून जाताना दिसायची, क्लासमध्ये फळ्याकडं पाठ केली की दिसायची. वडील गेले तेव्हा तो दहा दिवस गावी राहणार होता, त्यात नेमकी पौर्णिमा येत होती. आदल्या रात्री 'परीक्षा आहे' म्हणून निघून आला. आईनं ओसरीवरून एवढंच विचारलं होतं, पट्टा मिळाला का रं? त्यानं मान हलवली होती. ती कशी हलली, हे त्यालाही सांगता आलं नसतं.

शहाण्णवच्या गणपतीच्या दोन महिने आधी विश्वजीतच्या डोक्यात खूळ शिरलं. विश्वजीत म्हणजे मिरजेच्या बाजूच्या ऊसवाल्या घरातला. वडील हंबीरराव फौजेतून सुभेदार होऊन आलेले आणि मुलगा कॉम्प्युटरवाला झाला म्हणून अजून चक्रावलेले. एका मंडळानं विचारलं, गाण्याबरोबर पडद्यावर रंगीत पट्ट्या वरखाली नाचतील असं काही करता येईल का? विश्वजीतनं आधी हो म्हणून टाकलं आणि मग राजरत्नला विचारलं, हे होतं का म्हणून. बौद्धाचं पोर गणपतीची आरास करणार, यावर क्लासमधल्या एका शहाण्यानं काहीतरी बोलून बघितलं. राजरत्न म्हणाला, वायरीला धर्म नसतो, नाहीतर मला दोन पक्कडी घ्याव्या लागल्या असत्या.

कॉम्प्युटरला साउंड कार्ड बसवलं, टेपची वायर त्यात घातली, गाण्याचा एक तुकडा भरला. तयार झालेली फाइल उघडून बघितली तर आत गाणं नव्हतंच. आत होते आकडे. एका सेकंदाला अकरा हजार पंचवीस आकडे, आणि प्रत्येक आकडा शून्य ते दोनशे पंचावन्नच्या मधला. फाइलला ना डोकं ना शेपूट. कोण गातंय, तबला कुठला, पेटी कुठली, कसलाच पत्ता नाही. आकड्यांमागं आकडे, मुंग्यांची रांग लागावी तसे.

राजरत्ननं आपला सरळ हिशेब केला. मोठा आकडा म्हणजे मोठा आवाज, शून्य म्हणजे शांतता. आकड्याएवढी पट्टी उंच करायची, झालं. प्रोग्रॅम लिहिला, गाणं लावलं. पट्ट्या मध्यावरच कशातरी तडफडत राहिल्या. आणि गाणं बंद केलं तर खाली बसायच्या ऐवजी सगळ्या निम्म्या उंचीवर ताठ उभ्या. विश्वजीत मागं येऊन उभा राहिला होता. म्हणाला, "गाणं बंद, तरी तुझ्या पट्ट्या उभ्या. कोण नाचतंय रं ह्यात?" पोरं हसली. राजरत्नला हसू आलं नाही.

दोन दिवस तो शांततेचे आकडे बघत बसला. एकशे अठ्ठावीस, एकशे सत्तावीस, एकशे अठ्ठावीस, एकशे एकोणतीस. शून्याचा मागमूस नाही. तिसऱ्या दिवशी कंटाळून त्यानं पट्ट्यांचा नाद सोडला आणि प्रत्येक आकड्याला एक ठिपका काढून ठिपके जोडले. पडद्याच्या बरोबर मध्यावरून एक बारीक रेघ थरथरत गेली. राजरत्न खुर्चीत मागं सरकला. ती रेघ त्याच्या ओळखीची होती.

आबांच्या कागदावरची सुई मध्यावर उभी असायची. जमीन हलली की एकदा वरच्या अंगाला जायची, एकदा खालच्या. सुई कुठं आहे यावरून भूकंप मोठा की लहान हे कळत नसे. ती मध्यापासून किती लांब गेली यावरून कळे. आकड्यांचंही तेच होतं. आकडा आवाज किती हे सांगतच नव्हता, त्या क्षणाला सुई कुठं आहे तेवढं सांगत होता. एकशे अठ्ठावीस ही सुईची बसायची जागा. त्यानं प्रत्येक आकडा मध्यापासून किती दूर ते काढलं. चारशे एक्केचाळीस आकड्यांचा एकेक गठ्ठा धरला, म्हणजे सेकंदाला पंचवीस गठ्ठे, आणि गठ्ठ्यातलं सगळ्यात लांबचं अंतर म्हणजे पट्टीची उंची. गाणं लावलं. ढोलकीला पट्ट्या उसळल्या, हरकतीला लहरल्या. विश्वजीतनं त्याच्या पाठीत असा धपाटा घातला की चष्मा टेबलावर पडला.

गाणं थांबलं की पट्ट्या आता खाली बसत होत्या. अगदी बसत मात्र नव्हत्या. तळाशी एक-दोन ठिपके हुळहुळत राहायचे. विश्वजीत म्हणाला, ते बरं दिसत नाही, कापून टाक. राजरत्ननं ओळ लिहायला घेतली: अंतर तीनपेक्षा कमी असेल तर शून्य समजावं. आणि त्याचा हात कीबोर्डवरच थांबला. रेघ कवाच सरळ नसती. मग पुसलेल्या कॅसेटवरची तरी कशी असेल? घरचा तो टेप जुना, त्याचं पुसायचं हेड दुबळं, हे मेकॅनिक म्हणून तो जाणून होता. भाषणाच्या खाली काही उरलं असेल का?

श्रावणात, अर्थातच पौर्णिमा टाळून, तो गावी गेला. आईनं भाकरी थापल्या, तव्यावरचं झुणक्याचं खरपूडही त्याच्याच ताटात घातलं, आणि पट्ट्याचं विचारलं. तो म्हणाला, कंपनीनं बनवायचंच बंद केलंय. आई बरं म्हणाली. ती पाण्याला गेली तेवढ्यात त्यानं पेटीतल्या लुगड्याखालून कॅसेट काढून पिशवीत घातली. स्वतःच्या घरात चोरी करताना जेवढं वाईट वाटायचं तेवढं त्याला वाटलं.

एस.टी.त बसल्यावर त्यानं कॅसेट काढून खिडकीशी धरली आणि दोनदा उलटून बघितली. त्यानं ती सुरुवातीपर्यंत गुंडाळून ठेवली होती. आता फीत बरोबर अर्ध्यावर होती. टेपला पट्टा नव्हता. तो अजून सांगलीत, त्याच्या ट्रंकेत होता. मग ही फिरवली कुणी?

भूतबित तो मानत नव्हता. बावीस प्रतिज्ञा त्याला तोंडपाठ होत्या. पण अंगावरचे केस प्रतिज्ञा वाचून बसत नाहीत. दुपारी क्लास रिकामा असताना त्यानं कॅसेट आहे त्या जागेपासून लावली. वक्त्यांचं अर्धं वाक्य आलं, मग खट्ट, आणि शांतता. त्याला आठवलं: वक्त्यांनी पाणी मागितलं होतं, आणि घोट ऐकू येऊ नयेत म्हणून अँप्लिफायरवाल्यानं तेवढ्यापुरता माइक बंद केला होता. वीस सेकंदांची फट. चाळीस मिनिटांच्या भाषणातली तेवढीच एक जागा, जिथं कुणी बोलत नव्हतं. आणि ज्यानं कुणी कॅसेट थांबवली होती त्यानं ती त्याच फटीच्या तोंडाशी आणून थांबवली होती. भरदुपारी, पंख्याखाली, त्याला आक्का पाठीमागं उभी असल्यासारखं वाटलं. त्यानं वळून बघितलं नाही.

आवाजाचं बटण पार वर करून त्यानं फक्त ती फट भरून घेतली. दोन लाख वीस हजार आकडे. कानाला हेडफोन लावला तर नुसता सूं आवाज, वळवाच्या आधीच्या वाऱ्यासारखा. मग त्यानं मध्यापासूनची अंतरं काढली, वीस पट केली, आणि पट्टी काढली. पट्टी उसळली. बसली. पुन्हा उसळली. सारख्या अंतरानं, एकेक ठोका. सात ठोके पडले, आठव्याच्या जागी काहीच नाही, आणि पुन्हा सात. वीस सेकंदांत तीन फेरे, आणि चौथा सुरू होता होता वक्ते बोलू लागले. डोळ्यांना दिसत होतं आणि कानांना ऐकू येत नव्हतं. राजरत्न टेबलावर डोकं ठेवून रडला.

विश्वजीतनं सगळं ऐकून घेतलं. माणूस थट्टेखोर पण मनाचा मऊ. तरी खरं ते बोलला: टेपचं चाक कुठंतरी वाकडं असेल, दर फेऱ्याला ठोका देत असेल. राजरत्ननं विचारलं, मग आठव्याला का थांबतं? विश्वजीत म्हणाला, चाकाचा दात मोडला असेल. पण खंजिरीवाली तरी अशी मध्येच का थांबेल? टेपमधलं ते गाणं त्यानं कधी ऐकलेलंच नव्हतं. ज्यांनी ऐकलं होतं त्यातली एक गेली होती, एक गेले होते, आणि तिसरीला विचारायचं तर आधी सांगावं लागणार होतं. रोज दुपारी तो ती फट लावून बघायचा. हळूहळू असं झालं की नळाच्या थेंबात, एस.टी.च्या इंजिनात, पोरांच्या टायपिंगमध्ये त्याला सात ठोके आणि एक मोकळी जागा ऐकू येऊ लागली.

गणपतीत पट्ट्या दहा दिवस नाचल्या, बघायला कुपवाडपासून माणसं आली. अकराव्या दिवशी विसर्जन झालं. अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी पौर्णिमा असते. राजरत्ननं त्या फटीचे सगळे गठ्ठे प्रिंटरवर छापून घेतले, कडेला भोकं असलेल्या सलग कागदावर, एका गठ्ठ्याला एक ओळ, मध्यापासून दोन्ही अंगांना फुल्या. आठ पानं झाली. त्याची गुंडाळी काखेत मारून तो पाच वर्षांत पहिल्यांदा पौर्णिमेच्या दिवशी गावाकडच्या गाडीत बसला. साताऱ्यात गाडी बदलताना दोनदा मागं फिरायचं मनात आलं. दोनदा त्यानं गुंडाळी दुसऱ्या काखेत घेतली.

आई ओसरीत दिव्याच्या वाती करत बसली होती. त्याला बघून तिनं हातातली वात खाली ठेवली. त्यानं जमिनीवर कागद सोडला. तो उंबऱ्यापासून ओसरीच्या खांबापर्यंत गेला. बनाबाई वाकून बघत राहिली, मग एका टोकापासून बोट फिरवत म्हणाली, "ह्यो तर तुझ्या आबांचा कागद."

"आबांचा न्हाई, आये. आक्काचा हाय." आणि मग पाच वर्षं लपवलेलं सगळं त्यानं सांगितलं. टिकली, चिकटपट्टी, भाषण, खिशात घातलेला पट्टा, श्रावणातली चोरी. सांगताना तो कागदाकडं बघत होता. कॅसेट त्यानं तिच्यापुढं ठेवली. आई उठली, फळीवरचा टेप काढून तिनं जमिनीवर ठेवला, कॅसेट आत घातली आणि बटण दाबलं. तो सांगायला निघाला की हा चालणार नाही, आणि टेप चालू झाला.

"नाथाजीनं घातला पट्टा," ती म्हणाली. नाथाजी म्हणजे कोरेगावच्या बाजारातला रेडिओवाला. "त्याच पावसाळ्यात. लावून बघितलं तर आत पुढारी बोलतुया."

राजरत्ननं वाकून टेपची फिरती चाकं बघितली. मग तो म्हणाला, "मग दर बारीला पट्ट्याचं का इचारत हुतीस?"

"तू सांगशील म्हणून."

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं. पाच वर्षं ती दाराशी उभी राहून कडी वाजवत होती आणि हा आतून घर रिकामं असल्यासारखा गप्प बसला होता. त्यानं तिचे पाय धरले. तिनं ते ओढून घेतले, म्हणाली, आधी गप बस, जागा यील आता.

टेपमधले वक्ते बोलत होते. मग खट्ट झालं. बनाबाईनं बोट वर केलं. दर पौर्णिमेला, वंदना झाल्यावर, ती ही वीस सेकंदं ऐकत आली होती आणि कॅसेट त्या तोंडाशी आणून ठेवत आली होती. राजरत्नला सूं आवाजापलीकडं काही ऐकू आलं नाही. त्यानं आईकडं बघितलं. तिचे डोळे मिटलेले होते आणि तिचं बोट जमिनीवर पडत होतं. एक, दोन, तीन. त्यानं घाईनं कागदावर स्वतःचं बोट ठेवलं आणि फुल्यांच्या उंचवट्यावरून तिच्या बोटाबरोबर सरकवत नेलं. चार, पाच, सहा, सात. एकही चुकला नाही. आणि आठव्याला तिचं बोट वरच राहिलं, कागदावरही मोकळी जागा होती, आणि पुन्हा पहिल्यापासून ते पडू लागलं. कागद तिनं आत्ताच पहिल्यांदा बघितला होता, आणि त्यातलं तिला काही वाचता येत नव्हतं.

वक्ते पुन्हा बोलायला लागले तशी तिनं टेप बंद केला. राजरत्ननं कागदावरच्या मोकळ्या जागेवर बोट ठेवून विचारलं, "हितं ती का थांबती, आये?"

बनाबाईनं त्याच्याकडं असं बघितलं, जणू त्यानं स्वतःचं नाव विचारलं होतं. "ती तुझी टाळी न्हाई का? तू रुसून भाईर गेल्तास. आबा म्हनले, तिथं बी खंजिरी वाजीव. ती न्हाई म्हनली. राजा यील, म्हनली, त्येची जागा ऱ्हाऊ दे."

बाहेर प्रियदर्शनी शेरडं हाकत घराकडं आणत होती. मग आईनं कॅसेट मागं घेतली, फटीच्या तोंडाशी आणली आणि बटण दाबलं. खट्ट झालं. तिचं बोट जमिनीवर पडू लागलं. राजरत्ननं हेडफोनमध्ये जे शोधलं ते शोधायचं सोडलं आणि आईच्या बोटाकडं बघत राहिला, पूर्वी आक्काच्या डोळ्यांकडं बघायचा तसा. सात पडले. आईनं मान वर करून त्याच्याकडं बघितलं.

त्यानं टाळी दिली. जरा मोठीच पडली.